हळदीकुंकवातला एक आवाज

ऑफिसातले पंखे त्या वर्षी पहिल्यांदा सुरू झाले, त्याच सकाळी आमच्या यंत्राने माझ्या घरच्या हळदीकुंकवातल्या एका बाईला आजारी ठरवलं. चहाचा कप ओठाला लावलेला होता, तो तसाच राहिला. पडद्यावर फाइलींची रांग आणि प्रत्येकीसमोर यंत्राचं उत्तर: निरोगी, निरोगी, निरोगी, आणि मध्येच अगदी सहज, आजारी. खात्री किती, तर जवळजवळ पूर्ण. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "काहीतरीच काय!" हे मी यंत्राला म्हटलं. यंत्र म्हणजे काही लोखंडाचं धूड नव्हे. संगणकात चालणारा एक प्रोग्रॅम. त्याला शेकडो बायकांच्या हृदयाचे आवाज ऐकवायचे, ही आजारी, ही निरोगी असं सांगत जायचं, आणि मग कधी न ऐकलेला आवाज देऊन विचारायचं, आता तू सांग. मी बायोस्टॅटिस्टिशियन आहे. सोसायटीतल्या बायका विचारतात, म्हणजे डॉक्टर का? मी म्हणते, नाही, डॉक्टरांचे आकडे तपासणारी. अच्छा, ऑडिटर! बरं बाई, ऑडिटर. तर या ऑडिटरच्या नोकरीत मी तीन वर्षं एकाच गोष्टीच्या मागे होते. लहानपणी घसा धरतो, ताप येतो, सगळं बरं होतं, घरचे विसरतात. आणि कुणाकुणाच्या हृदयाची एक झडप मात्र आतल्या आत आखडत जाते. बाईला त्याचा पत्ताच नसतो. मग दिवस जातात, अंगातलं रक्त वाढतं, त्या अरुंद दारातून ते पुढे सरकत नाही, आणि सातव्या-आठव्या महिन्यात ती बाळासकट दगावते. खेड्यातल्या नर्सच्या हाती एक मायक्रोफोन दिला आणि यंत्राने वेळेवर सांगितलं, हिला मोठ्या दवाखान्यात पाठवा, तर? एवढाच आमचा ध्यास होता.

"काढून टाक ना ती फाइल," यशोधन म्हणाला. यशोधन आमचा इंजिनिअर, प्रोग्रॅम त्याने लिहिलेला. वयाने माझ्याएवढाच, आणि भांडायला केव्हाही तयार. "हळदीकुंकवातल्या बायका त्या. एक चुकली म्हणून काय झालं? वीसेकात एक चूक म्हणजे बिल्कुल फर्स्ट क्लास." आकड्यांच्या हिशेबाने त्याचं बरोबर होतं. पण मी भाषणं देत हिंडते ना! प्रत्येक कार्यशाळेत टेबलावर बोट आपटून सांगते, की यंत्र चुकलं असं म्हणण्याआधी तुम्ही लावलेलं लेबल तपासा. निरोगी म्हणून जी पाटी लावलीत ती कुणाला विचारून लावलीत? आता मीच माझ्यासमोर बसले होते. त्या बायका निरोगी आहेत हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. जिना चढून आल्या, तिळाचे दोन-दोन लाडू खाल्ले, मोठमोठ्याने हसल्या, झाल्या निरोगी. आजारी म्हणून लिहिलेल्या प्रत्येकीची हृदयाची सोनोग्राफी आम्ही करून घेतली होती. निरोगी मात्र डोळे मिटून लिहिल्या.

त्याचं असं झालं होतं, की आजारी बायकांचे आवाज आम्हाला दवाखान्यातून मिळत होते, पण निरोगी मिळेनात. धडधाकट बाई कशाला येते दवाखान्यात? आणि संक्रांत तोंडावर आलेली. नोएडात आमचं मराठी बायकांचं बऱ्यापैकी जमतं. सेक्टरांना नुसते आकडे, ओळख म्हणून सांगायला नदी नाही की टेकडी नाही, म्हणून की काय कोण जाणे, इथे पुण्या-मुंबईपेक्षा जोरात हळदीकुंकू होतं. मला वाटलं, या आयत्या आलेल्या बायका. बेडरूममध्ये पलंगावर एकेकीला बसवलं, पदराआड मायक्रोफोन ठेवला. "अय्या, केवढं गार आहे हे!" प्रत्येकीचं हेच पहिलं वाक्य. आणि माझं ठरलेलं वाक्य: "बोलू नका. आहात तशा राहा." बाहेर कुकरच्या शिट्ट्या, बांगड्या, कुणीतरी उखाणा घेतंय, आणि समोरच्या ब्लॉकमधली लतिका दारातून ओरडतेय, "बघा यार, सगळीकडे बायका वाण लुटतात, या वृंदाताई आमचंच काळीज लुटतायत!" गंमत होती सगळी. हातात स्टीलची गाळणी आणि तिळगूळ घेऊन बायका गेल्या. नावं मी कुणाचीच नोंदवली नाहीत. तो माझाच नियम, आणि मी त्याबद्दल खडूस म्हणून प्रसिद्ध आहे. संगणकाने प्रत्येक आवाजाला मनाला येईल तो क्रमांक दिला आणि कोण कुठली ते कायमचं पुसलं गेलं. त्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

माझा पहिला संशय असा की यंत्र लबाडी करतंय. करतात तशी ती. दवाखान्यात सदा पंखा फिरत असेल तर यंत्र पंख्याची घरघर पाठ करतं आणि जिथे घरघर तिथे आजार असं ठोकून देतं. हृदयाकडे ढुंकूनही बघत नाही. पण आमच्या घरी जानेवारीत पंखा कुठला? शिवाय सगळ्या बायका त्याच पलंगावर, त्याच कुकरच्या शिट्टीत. यशोधनने तरी बाहेरचा सगळा आवाज गाळून पुन्हा विचारलं. आजारी. ठोके पुढे-मागे करून विचारलं. आजारी. पोर हट्टाला पेटावं तसं ते एकच म्हणत राहिलं. शेवटी मी हेडफोन लावले. धप्-डप्, धप्-डप्. काही नाही. छान, भरलेलं, शहाणं हृदय. "काही नाहीये रे," मी म्हटलं. यशोधनने मान हलवली. "कानाला इतका खालचा आवाज लागतच नाही. थांब, वर उचलतो." त्याने काहीतरी केलं, आवाज बारीक आणि उंच झाला, आणि मग मी ऐकलं. दुसरा ठोका पडल्यावर पुढचा येईपर्यंत जी शांतता असते, जिथे काहीही असायला नको, तिथे काहीतरी होतं. भिंतीपलीकडच्या घरात कुणी जातं फिरवावं तसं. एक फेरा, ठोका. एक फेरा, ठोका. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. या यंत्रात काय आहे ते मला ठाऊक आहे हो! गुणाकार आहेत, बेरजा आहेत, त्यातला एक अन् एक गुणाकार मी कागदावर करून दाखवीन. त्या बेरजांना कान कुठून फुटले? त्यांना झडप म्हणजे काय ते कुणी सांगितलं नव्हतं. बाई म्हणजे काय हेही सांगितलं नव्हतं. आणि तरी एका गजबजलेल्या घरातल्या वीस सेकंदांच्या तुकड्यातून त्यांनी ती शांतता तेवढी बाजूला काढली होती आणि म्हटलं होतं, इथे बघा. मी हेडफोन काढून खिडकीशी गेले. खाली मोहरीच्या उरल्यासुरल्या शेतात मेट्रोचे खांब उभे राहत होते, वर रूळ नाहीत की गाडी नाही, नुसते खांब, आणि त्यांच्यामधून दोन नीलगायी चरत चाललेल्या. कालपरवापर्यंत इथे काही नव्हतं. मला वाटलं, आपण कसल्या काळात जगतोय! देवासमोर उभं राहिल्यावर हात आपोआप जुळतात, तसे माझे हात ओढणीत गुंडाळले गेले होते.

आणि मग, लपवून काय करू, माझ्या मनात आलं: बरोबर असू दे. यंत्र बरोबर असू दे, लेबल चुकीचं असू दे. तीन वर्षांचं सोनं होईल. हा विचार पुरता संपायच्या आतच मला रसिका आठवली. आमच्याच सोसायटीतली रसिका, वर्षाभरापूर्वी लग्न होऊन आलेली, हळदीकुंकवाला तिला चौथा महिना होता. लाडू नको म्हणाली होती, मळमळतं म्हणून. तिलाही मी पलंगावर बसवलं होतं, तिच्याही पदराआड मायक्रोफोन ठेवला होता. म्हणजे ती आता सहा महिने पार करून पुढे. मी जे मागितलं होतं ते कुणाच्या जिवावर मागितलं होतं? शी! माझी मलाच शिसारी आली. आता एकच गोष्ट महत्त्वाची होती, ही बाई कोण? आणि ते मला कळू नये अशी चोख व्यवस्था मीच केलेली. "सगळ्यांना परत बोलव," यशोधन म्हणाला. बोलवायचंच होतं. पण निम्म्या बायका परीक्षा संपल्या की माहेरी जाणाऱ्या, एक बंगलोरला बदलून गेलेली. आणि सांगायचं काय? तुमच्यातल्या कुणा एकीचं हृदय बिघडलंय, कुणाचं ते माहीत नाही, घाबरू नका?

ऑफिस ते घर रस्ता वीस मिनिटांचा, पण खोदकामामुळे गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती आणि डोक्यात रसिकाच घोळत होती. जिना चढताना तिला दम लागतो का? लागतच असेल, त्या दिवसांत कुणाला लागत नाही. मलाही लागायचा. एक्याण्णव साली, पेपरात रोज नव्या आर्थिक धोरणाची चर्चा असायची तेव्हा, माझ्या नवऱ्याची, राजीवची बदली झाली आणि आम्ही दिल्लीत आलो. करोल बागेत तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर एक खोली, तिला बरसाती म्हणतात हेसुद्धा नवीन. खाली सोन्याची दुकानं, गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं, आणि मी भाजीची पिशवी घेऊन प्रत्येक मजल्यावर थांबायची. घरमालकीण म्हणायची, "बेटी, जवान हो, हाँफती क्यों हो?" मी दिल्लीच्या धुराला शिव्या द्यायची. पुढच्या वर्षी राजवर्धनच्या वेळी तर आठव्या महिन्यात आडवंच होता येईना, उशा रचून बसून झोपायची. डॉक्टर म्हणाल्या, पहिलं बाळंतपण आहे, होतं असं. राजीव रात्रभर पाठ चोळायचा. झालं, पोर सुखरूप झालं, आता दहावीत आहे आणि दारात मावत नाही. या आठवणी मी रसिकासाठी चाळत होते. सगळ्यांनाच धाप लागते, मी मनाला समजावत होते, धापेवरून काही ठरत नाही. सिग्नलला बाजूच्या जीपमध्ये कॉल सेंटरची मुलं माना टाकून झोपली होती, आणि मला त्यांच्या छातीकडेसुद्धा नुसतं बघवेना.

लतिका शनिवारी घरी असते. फाइल ऑफिसबाहेर न्यायची नाही हाही माझाच नियम, तोही मोडला होता. तिच्या जेवणाच्या टेबलावर मी लॅपटॉप उघडला. "लतिका, एक काम कर. यात मागे काहीबाही आवाज आहेत. शिट्टी आहे, कुणीतरी हसतंय. त्या वेळी आत पलंगावर कोण बसलं होतं ते आठवतंय का बघ." लतिकाने हात पुसले, हेडफोन लावले, डोळे मिटले. मूळ फाइल होती, काही न गाळलेली. ती एकदम हसली. "अहो, हा तर माझा आवाज! ऐका ना, मी तुमची नक्कल करतेय. बोलू नका, आहात तशा राहा." मी हेडफोनचा एक कान माझ्याकडे ओढला. खरंच. ऑफिसात मी इतक्या वेळा फक्त हृदय ऐकलं होतं, की त्याच्या आधीचे ते चार शब्द कानावर पडूनही शिरले नव्हते. इतर सगळ्या फाइलींच्या सुरुवातीला माझा रुक्ष आवाज होता. इथे लतिकाचा, माझ्याहून मास्तरीणबाई. "मग? कुणाला म्हणत होतीस?" मी विचारलं. "रसिकाला?" लतिका माझ्याकडे बघायला लागली. तिचं हसू अजून पुरतं उतरलं नव्हतं. "काय वृंदाताई, विसरलात? सगळ्यांचं झाल्यावर मी तुमच्या हातातून ते काढून घेतलं ना. म्हटलं, आमचं सगळ्यांचं लुटलंत, आता तुम्ही बसा. मी एकीलाच तर म्हटलं तसं."

"मला वाटलं, तू बटण दाबलंच नाहीस," मी म्हटलं.

"दाबलं होतं की." आणि मग तिने लॅपटॉपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंडावर हात ठेवला. "अहो, पण तुम्ही हे का शोधताय?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. मी हसले. खरं सांगते, मोठ्याने हसले, कारण पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच, की रसिका नाही. रसिका नाही, ते न जन्मलेलं पोर नाही, बंगलोरला गेलेली ती नाही. सुटले! लतिका पाणी घेऊन आली तेव्हा कुठे माझा हात आपोआप डाव्या बाजूला गेला. हाताखाली ते चाललंच होतं. ठोका, ठोका. त्यांच्यामधलं ते जातं काही हाताला लागत नव्हतं. पंचेचाळीस वर्षं मी या अंगात राहतेय, याला नेसवते, जेवू घालते, गाडीतून नेते-आणते, आणि याच्या आत चाललेली गोष्ट मला नोएडातल्या एका ऑफिसातल्या गुणाकारांनी सांगावी? मला भीती वाटली का? वाटली. पण भीतीच्या आधी आणि भीतीच्या वर आणखी काही होतं, त्याला मी आश्चर्य म्हणते कारण दुसरा शब्द सुचत नाही. लतिका रडत होती. मी तिलाच म्हटलं, "अगं, रडतेस काय, पाणी दे."

संध्याकाळी सांगलीला आईला फोन केला. आडून आडून विचारायचं ठरवलं होतं, पण आईपुढे कुठलं आडून. "आई, मी लहान असताना मला सांध्यांचं काही झालं होतं का गं?" "झालं होतं की. चौथीत होतीस. आधी घसा धरला, मग हा गुडघा सुजला, तो बरा झाला की तो. वार्षिक परीक्षा बुडाली तुझी. वेखंड उगाळून लावायचे मी, तुला पांघरुणाचं ओझंसुद्धा सोसवायचं नाही. वैद्य म्हणाले, वाढीचं दुखणं. आणि बघ ना, त्या वर्षी उंचही झालीस." मला आठवलं. वेखंडाचा तो उग्र वास आठवला, चादर लागू नये म्हणून गुडघ्यावर ठेवलेली वेताची पाटी आठवली, आणि त्या पाटीखाली मी बाहुलीचं घर केलं होतं तेही. केवढं सुख होतं त्या दुखण्यात! आई दिवसभर माझ्यापाशी. गुडघे बरे झाले, मी खेळायला गेले, आई विसरली, मी विसरले. माझ्या आत एक जण मात्र विसरलं नव्हतं. मी करोल बागेचा जिना चढत होते, पोटात पोर वाढवत होते, उशा रचून बसत होते, आणि ते आखडलेलं दार प्रत्येक ठोक्याला उघडून आम्हा दोघांना पुढे जाऊ देत होतं. ज्या बायका दगावल्या त्यांचे आकडे मी वर्षानुवर्षं बेरजेत धरले होते. त्या बेरजेत मी आणि राजवर्धन नव्हतो ते कुणाच्या कृपेने? "का गं विचारलंस?" आईचा आवाज बारीक झाला. "मी काही चुकले का तेव्हा?" "नाही गं आई," मी म्हटलं, "वेखंड छान उगाळायचीस तू." त्यावर ती हसली, पण फोन ठेवताना तिने दोनदा जप म्हणून सांगितलं.

इकोला माझ्याबरोबर रसिका आली. इको म्हणजे हृदयाची ती सोनोग्राफी. राजीव परगावी, दुसऱ्या दिवशी यायचा होता, लतिकाला ऑफिस. आणि रसिकाची त्याच दवाखान्यात तपासणी होती. तिचा आवाज यंत्राने निरोगी म्हटला होता, म्हणजे म्हटलाच असणार, पण आता निरोगी या शब्दावर माझा आंधळा विश्वास नव्हता. मी तिलाही इको करायला लावली. सगळं ठीक निघालं. ती पोट सांभाळत बाहेरच्या बाकावर बसली, माझी पर्स मांडीवर घेऊन, जणू मीच पोटुशी आणि ती माझी सोबतीण. "काकू, भिऊ नका हं," ती म्हणाली. मी आत गेले. गारगार जेल छातीवर पडलं आणि माझ्या तोंडून निघालंच, "अय्या, केवढं गार आहे हे!"

डॉक्टरबाई अंधाऱ्या खोलीत पडद्याकडे तोंड करून बसल्या होत्या. मी मान वळवून पाहिलं आणि मला माझं हृदय दिसलं. त्याच्या आत दोन पातळ पाकळ्या उघडत होत्या, मिटत होत्या. टोकाशी जरा अवघडल्यासारख्या, थंडीत बोटं उघडतात तशा, पण उघडत होत्या. कुणी बघत नसताना, कुणी विचारत नसताना, इतकी वर्षं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते कानात गेलं. त्यांनी पडद्यावर दोन-चार मापं घेतली. मग म्हणाल्या, "है तो सही. लेकिन बहुत हल्की है. दवाई लेंगे, साल में एक बार देखेंगे, घबराने की बात नहीं." आणि जरा थांबून, माझ्याकडे वळून, "पकड़ा किसने? स्टेथोस्कोप से तो शायद मैं भी न पकड़ पाती."

काय सांगणार? लाज वाटावी इतका आनंद माझ्या आत उसळला. यंत्र बरोबर होतं. माझं लेबल चुकलं होतं, मी बिघडलेली होते, आणि यंत्र बरोबर होतं! त्या दूरच्या खेड्यांतल्या बायका, ज्यांची नावं मला कधीच कळणार नाहीत, त्या एकेक करून माझ्या पलंगावर येऊन बसल्यासारख्या वाटल्या. मला उठून यशोधनला फोन करायचा होता, आईला करायचा होता, बाहेर रसिकाला सांगायचं होतं. मी कोपरावर रेलून उठू लागले. पडद्यावरच्या पाकळ्या हलल्या, धूसर झाल्या.

"अरे, अभी नहीं," डॉक्टरबाईंनी माझा खांदा हलकेच खाली दाबला. "बोलिए मत. जैसी हैं, वैसी ही रहिए."

मी राहिले.